जोडाचा भवरा

वसंताला जाऊन दहा महिने झाले होते, तेव्हा शामलाने ते कॅलेंडरचं पान पहिल्यांदा सासूपुढे ठेवलं. रंभाबाई अंगणात रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यापुढे बसून गव्हाच्या कोठीचं झाकण ठोकत होती. तिने पानाकडे पाहिलं नाही, हातातली लाकडी मोगरीही थांबवली नाही.

"काय वं हे?"

"यायनं काढलं होतं." नवऱ्याचं नाव शामला अजूनही घेत नव्हती. "नव्या भवऱ्याचं. ताराचंद शेठनं पाच मागतले ना, आत्याबाई. मी म्हटलं, असे करून पाहू."

"तू म्हटलं? दुकानावर पाटी कोणाच्या नावाची हाय?"

"मामंजींच्या."

"मंग त्यायले विचार."

सासऱ्यांना, म्हणजे नत्थूजींना, जाऊन नऊ वर्षं झाली होती. पान उडू नये म्हणून शामलाने त्यावर कात्री ठेवली आणि ती चुलीपाशी गेली. सून आत गेल्याची खात्री झाल्यावरच रंभाबाईने मान वाकडी करून पाहिलं. वसंताचीच रेघ. शिसपेन दाबून धरायची त्याची सवय होती. पानाच्या पलीकडच्या देवीच्या तोंडावरसुद्धा त्या रेघा उमटल्या होत्या.

तिने मोगरी उचलली आणि झाकण इतकं ठोकलं की ते मधून खोल गेलं.

नागपूरच्या इतवारीत नत्थूजींचं पत्र्याचं दुकान होतं. बादल्या, बंब, कोठ्या, घमेली. नत्थूजी पत्र्याचा काठ दुमडून दुसऱ्या काठात अडकवायचे, आणि ती दुमड मिटवायला रंभाबाई बसायची. तिचा हात पडला की दोन पत्र्यांचा एक पत्रा व्हायचा. बोट फिरवलं तर जोड लागायचा नाही. "जो दुमडू शकत नाही तो नट लावते," असं नत्थूजी म्हणायचे, आणि नटबोल्टाचा डबा त्यांनी उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिला नाही. शाळा रंभाबाईने दोन वर्षं पाहिली होती, तीही बाहेरून जास्त. पण तिचा माल गळतो असं बोलायची छाती अख्ख्या इतवारीत कोणाची नव्हती. बोलला असता तर त्याच्या सात पिढ्यांचा माल तिने भर रस्त्यात गाळून दाखवला असता.

वसंता आयटीआय शिकला आणि त्याने भवरा काढला.

हा भवरा खेळायचा नव्हे. डाळीच्या मिलमध्ये तूर भरडली की पिवळी धूळ उठते. ती बायांच्या डोळ्यांत जाते, भाकरीवर बसते, आणि पंख्याने बाहेर फेकली तर शेजारच्याच्या घरात जाते. वसंताने पत्र्याचं एक मोठं पिंप केलं. खाली निमुळतं होत गेलेलं, भवऱ्यासारखं. मिलचा पंखा धुळीची हवा त्यात बाजूने ढकलतो. हवा आत गरगर फिरते, धूळ भिंतीला घासत खाली पोत्यात पडते, आणि साफ हवा वरच्या नळीतून निघून जाते. भवरा बाहेर, मिलच्या छपरावर उभा. आत हलणारं काही नाही, तुंबणारं काही नाही. सात मिलांवर असे सात भवरे उभे राहिले होते. डाळ निवडणाऱ्या बाया म्हणायच्या, "आता घरी गेलं की लेकरू ओळखते आमाले."

पण एक भवरा करायला बारा दिवस लागायचे. नऊ फूट उंच, एकसंध, सगळा दुमडीचा. पत्रा डोळ्याच्या मापाने वाकवायचा, म्हणून एकासारखा दुसरा नाही. शंभर किलोचं ते पोकळ धूड चढवायचं म्हणजे दोर, साखळीची कप्पी आणि सहा माणसं. वाऱ्याने मनावर घेतलं की सहाची बारा.

मागच्या चैत्रात वसंता आईपुढे उकिडवा बसला होता. हेच पान त्याच्या हातात होतं.

"माय, चार तुकडे करू. तुकड्याच्या काठाले पट्टी, पट्टीत भोकं. वर नेऊन नटानं कसायचं. दोन माणसं अन् एक शिडी, बस. अन् एका मापावर पाचाचे पत्रे एकाच दिवशी कापून होतात."

"तुकडे कर," रंभाबाई म्हणाली होती. "बापाच्या नावाचे बी चार कर. नटावर उभा राह्यते तो मांडव, बापू. लगन झालं की सोडाचा. आपल्या घरातून अख्खा माल जाते. नाई तं जात नाई."

"वर चढवाले लई तरास होते, माय."

"तरास होते तं बादल्या कर."

वसंता हसला होता. आईच्या बोलण्यावर तो लहानपणापासून हसायचा. त्यामुळेच ती त्याला जास्त बोलायची. "बरं माय," म्हणून त्याने पानाची घडी केली आणि उठला.

पुढच्या महिन्यात, भर वैशाखात, हिंगण्याला ताराचंद शेठच्या नव्या मिलवर आठवा भवरा चढत होता. वसंता छपराच्या काठावर उभा राहून त्याला आत घ्यायला हात पुढे करत होता. वावटळ आली. भवरा दोरावर फिरला, छपराकडे झुलला आणि वसंताला छातीत लागला. खाली सिमेंटचा ओटा होता. दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं.

भवराही खाली पडला. तिसऱ्या दिवशी लोकांनी तो ठेल्यावर घालून अंगणात आणून टाकला. एका अंगाला पोच आलेला. एकही दुमड उघडली नव्हती. बसायला आलेल्या माणसांतला कोणी तरी त्याच्यावरून हात फिरवून बोलून गेला, "काय पक्कं काम हाय बाप्पा!" रंभाबाईने ते ऐकलं. दहा महिने ती ते ऐकत होती.

त्या चैत्रातलं बोलणं तिच्या आणि वसंताच्या मधलं होतं. वसंता गेला. राहिली ती. आणि हे पान.

---

"करा," दोन दिवसांनी तिनेच म्हटलं. "ताराचंदाले सांग, तुकड्याचे देतो. मले काय विचारता? मी अडाणी बाई."

शामलाला आश्चर्य वाटलं असेल. तिने दाखवलं नाही. रंभाबाईच्या मनात वेगळंच होतं. करू दे. जोडातून धूळ उडू दे. चार लोकांसमोर कळू दे की नटाचा भवरा चालत नाही, चालणारच नव्हता, आणि पोराला नाही म्हणणारी आई बरोबर होती. मग वसंता गेला तो वाऱ्याने गेला. नुसत्या वाऱ्याने.

याच्या उलट झालं तर काय, हा विचार आला की ती उठून घंगाळ घासायला घ्यायची.

पान घेऊन शामला पुन्हा आली. "आत्याबाई, सगळं समजलं, एवढं नाई समजत. हे पाहा. जोड आहे ना, तिथं दर पट्टीच्या काठाशी यायनं लहानसा गोल काढला. अन् बाजूले लिवलं, 'माय'. तीन जोड, दर जोडाले दोन पट्ट्या, सहाही ठिकाणी. काय म्हनाचं असन?"

रंभाबाईने पाहिलं. पत्र्याची आडवी रेघ, टोकाला वळवलेली, वळणाच्या पोटात टिकलीएवढा गोल. 'माय'.

तिला ते एका नजरेत कळलं. बादलीचा काठ असाच असतो. काठाच्या दुमडीत तार घालून वरून पत्रा मिटवतात. म्हणून बादली धरली तर काठ लवत नाही. तो गोल म्हणजे तार. आणि अशी तार भरावी तर रंभाबाईनेच, हे नागपुरात वसंतापेक्षा जास्त कोणाला ठाऊक होतं? नटाच्या भवऱ्यात त्याने बापाची दुमड ठेवली होती. आईचं काम आईच्या नावाने लिहून ठेवलं होतं. चैत्रात तिने पान हातात घेतलं असतं तर तेव्हाच दिसलं असतं.

"मले वाचता येते काय?" रंभाबाई म्हणाली. "असन काही. सारखा माय माय करे, हात चालला असन."

शामलाने पानाची घडी केली. "पट्टी सपाटच ठेवू मंग?"

"ठेव."

काम सुरू झालं. ओमप्रकाश आला. वसंताबरोबर सात भवरे चढवलेला तो फिटर. आठव्याचा दोर त्याच्याच हातात होता. तेव्हापासून त्याच्या दोन्ही तळव्यांवर दोराच्या भाजल्याचे चट्टे होते आणि तो रंभाबाईपुढे हात उघडे ठेवत नसे. शामलाने पुठ्ठ्याचा साचा कापला, ओमप्रकाशने त्या साच्यावरून पत्रे कापले. पाचही भवऱ्यांचे पत्रे खरंच एका दिवसात कापून झाले. कुठला तुकडा कुठे लागतो ते कळावं म्हणून शामलाने काठांवर खुणा ठोकल्या: एका टिंबाला एक टिंब, दोनाला दोन.

"आता पत्र्याचे बी नंबर?" रंभाबाई म्हणाली. "हजेरी घ्या न मंग. आला काय गा पत्रा? हो गुरुजी."

ओमप्रकाश हसला आणि लगेच गप्प झाला. वसंताच्या आईपुढे हसावं की नाही, ते त्याला ठरवता येत नव्हतं.

पहिला भवरा चौथ्या दिवशी तयार झाला. रंभाबाईने तुकड्यांच्या उभ्या दुमडी मिटवून दिल्या, नेहमीसारख्या. आडव्या पट्ट्यांना तिने हात लावला नाही. नट कसताना दोन नटांच्या मधली पट्टी किंचित लवत होती, जशी तारेविना बादली लवते. तिला दिसत होतं. ती गहू निवडत बसली.

---

ताराचंद शेठची जुनी मिल इतवारीतच, दोन गल्ल्या सोडून होती. छपरावर न्यायच्या आधी भवरा तिथल्या आवारात जमिनीवर उभा करून पंख्याला जोडायचा, असं ठरलं. सकाळचे दहा वाजले होते. डाळ निवडणाऱ्या बाया पदर नाकाला लावून दारात जमल्या. शेठ पांढऱ्या कपड्यांत, जरा लांब उभे राहिले.

"शुरू करो," ते म्हणाले.

पंखा लागला. भवरा घोंघावला. क्षणभर सगळं ठीक दिसलं. मग मधल्या जोडातून पिवळी फुंकर निघाली. मग वरच्यातून. मग तिन्ही जोडांतून चहूकडे धूळ सुटली, आणि जोड दाबून धरायला धावलेली शामला डोक्यापासून पायापर्यंत पिवळी झाली. ओमप्रकाश पाना घेऊन नट कसत सुटला. जितके कसावे तितकी मधली पट्टी जास्त लवली.

रंभाबाईच्या छातीत काही तरी उडी मारून वर आलं. बरं झालं. पाहा. बरोबर होती मी.

ती उडी तिथेच विरली. कारण शामला पंखा बंद करून तिच्याकडे वळली होती. त्या पिवळ्या तोंडावर डोळ्यांखालून दोन ओल्या रेघा आल्या होत्या.

"बाई," ताराचंद शेठ धोतर झटकत म्हणाले, "ये जोड-बीड का झंझट छोडो. तुमचा जुनाच माल चांगला. एकसंध. मले पाचही तसेच द्या. चढवायचं काय, रस्सी हाय, माणसं हाय. क्यों रे ओमप्रकाश? ऊपर कौन लेगा?"

"मैं ले लूंगा, शेठ," ओमप्रकाश म्हणाला.

तो सहज म्हणाला, जणू कोणी पाणी मागितलं होतं. दारातल्या बायांमधून देवकी पुढे आली. ती इथे बावीस वर्षं डाळ निवडत होती आणि ओमप्रकाश तिचा पोरगा. ती शेठला काही बोलली नाही, रंभाबाईलाही नाही. पदराच्या टोकाने ती नुसती पोराच्या केसांतली धूळ झटकत राहिली. तो मान बाजूला घेत होता, "अम्मा, रहने दे ना," आणि ती पुन्हा त्याची मान धरून झटकत होती. कानामागचीसुद्धा.

रंभाबाईने ते शेवटपर्यंत पाहिलं.

"शेठ," ती म्हणाली. ती पुढे आली. "शेठ, अख्खा भवरा आता आमच्या दुकानात भेटत नाई."

"काहून?"

"मी म्हटलं म्हणून. हा जोडाचाच चालन. आठ दिवस द्या."

"लेकिन धूळ...?"

"धूळ अकलेच्या कमीनं उडाली, नटानं नाई. काठात तार नाई भरली. बादली घेता तं काठ दाबून पाह्यता ना? इथं नाई पाह्यला कोणी."

शेठ भुवया उंच करून ओमप्रकाशकडे पाहू लागले. शामला रंभाबाईकडे पाहत होती.

---

अंगणात आल्यावर शामलाने चूळ भरली, तोंड धुतलं, आणि पाठमोरीच म्हणाली, "तो गोल तारेचा होता."

"हो."

"तुमाले माहीत होतं."

"वाचता येते मले तेवढं," रंभाबाई म्हणाली. "माय म्हणून लिवलं होतं त्यानं. तार मायनं भराची म्हणून." ती रुळापाशी बसली, पण मोगरी घेतली नाही. "अजून एक सांगतो, मंग तुले माहेरी जाचं असन तं जाय. हे पान घेऊन तो माह्यापाशी आला होता. मागच्या चैत्रात. मी नाई म्हटलं. मांडव म्हटलं त्याले. मी हो म्हटलं असतं तं तो दोर नसता, कप्पी नसती..."

"मले माहीत हाय."

रंभाबाईने वर पाहिलं.

"मी इथंच होती ना," शामला म्हणाली. "चूल फुंकून राह्यली होती. सगळं आयकलं."

"दहा महिने?"

"दहा महिने."

"मंग बोलली काहून नाई वं? शिव्या द्याच्या होत्या. माह्या तोंडावर थुकाचं होतं."

"रोज सकाळी ठरवत होती, आज बोलाचं," शामला म्हणाली. "मंग तुम्ही च्याले कप मांडत होत्या. यायचा बी मांडत होत्या, मंग उचलून परत ठेवत होत्या. दोनाचे तीन, अन् तिनाचे दोन. मंग नव्हतं बोलवत."

शामलाने ते मायेने म्हटलं नव्हतं. तिच्या आवाजात माफी नव्हती. रंभाबाईने मागितलीही नव्हती. मग रंभाबाई म्हणाली, "आठ नंबरची तार आण. अन् पक्कड."

पट्ट्यांच्या काठांत तिने स्वतः तार भरली. सहा काठ. प्रत्येक काठ बोटभर वळवायचा, तार पोटात घ्यायची, आणि मोगरीने हलके हलके मिटवत पूर्ण वर्तुळ फिरायचं. घाई केली की पत्रा सुरकुततो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहावा काठ मिटला. तिने बोट फिरवलं. तार कुठे आहे ते लागत नव्हतं. काठ दाबला; हलला नाही.

"आता मधात काही तरी मऊ पाह्यजे," ओमप्रकाश म्हणाला. "रबर आणू सदरच्या बाजारातून?"

"रबर उन्हानं तडकते." रंभाबाई उठली.

न्हाणीच्या भिंतीला वसंताची बाज उभी करून ठेवलेली होती. उन्हाळ्यात तो तिच्यावर अंगणात झोपायचा. दहा महिने कोणी ती आडवी केली नव्हती. रंभाबाईने ती आडवी पाडली आणि पायथ्याशी बसून तिच्या विणीच्या सुती पट्टीची, नवारीची, गाठ सोडायला घेतली. शामला दारात आली, पाहिलं, आणि एकदा "आत्याबाई..." म्हणून थांबली. मग समोरच्या बाजूला येऊन बसली. एक सोडत होती, दुसरी गुंडाळत होती. मधल्या पट्ट्यांवर, पाठ टेकायची तिथे, सुताचा रंग काळपट झाला होता. ते पट्टे आले तेव्हा शामलाचे हात थांबले. रंभाबाईनेही ओढ दिली नाही. मग शामलानेच पुन्हा गुंडाळायला सुरुवात केली.

नवारीच्या पट्ट्या त्यांनी जवसाच्या तेलात भिजवल्या आणि चार दिवस उन्हात टाकल्या. वाळून त्या चामड्यासारख्या चिवट झाल्या. पाचव्या दिवशी, त्या जोडांत घालून, त्याच आवारात, त्याच पंख्यावर भवरा लावला. जोडातून एक कण निघाला नाही. रंभाबाईने हाताला पाणी लावून तिन्ही जोडांवरून तळवा फिरवला, म्हणजे धूळ असती तर चिकटली असती. तळवा कोरडा होत गेला, तसाच स्वच्छ.

तिने तो पदराला पुसला, दोनदा.

---

हिंगण्याला जायचं ठरलं तेव्हा शामला म्हणाली, "तुम्ही नका येऊ." रंभाबाई म्हणाली, "माल कोणाचा हाय?" आणि ठेलेवाल्याच्या आधी तयार होऊन बसली.

वैशाख लागला होता. तीच मिल, तेच छप्पर, तोच ओटा. ओट्यावर आता कोणी तरी पोती रचली होती. रंभाबाई ओट्याकडे पाठ करून बाभळीखाली बसली, मग तिला ते बरं वाटलं नाही आणि ती ओट्याकडे तोंड करून बसली.

ओमप्रकाशने शिडी लावली. तो आणि मिलमधला एक गडी वर गेले. पहिला तुकडा खांद्यावर घेऊन ओमप्रकाश असा चढला जसा कोणी घागर घेऊन पायऱ्या चढतो. दोर नव्हता. कप्पी नव्हती. आरडाओरडा नव्हता. दुसरा तुकडा गेला. टिंबाला टिंब लावलं, नट कसले. तिसरा जाताना वारा सुटला.

लांबून, मोकळ्या प्लॉटांवरून धूळ आणि वाळका पाला फिरवत वावटळ आली. रंभाबाई उभी राहिली. छपरावर ओमप्रकाशने वर पाहिलं, आणि तुकडा मांडीवर घेऊन तो मटकन खाली बसला. नुसता बसला. वावटळ त्यांच्यावरून गेली. वर आधी लागलेले दोन तुकडे जागचे हलले नाहीत. ओमप्रकाशने डोळे पुसले, थुंकला, उठला आणि पुढच्या नटाला पाना लावला.

शेवटचा तुकडा बसला. पंखा लागला. खालच्या पोत्यात पिवळी धूळ झरू लागली, आणि वरच्या नळीतून निघालेल्या हवेत पलीकडचं आभाळ स्वच्छ दिसत होतं.

"वा बाई, वा!" ताराचंद शेठ म्हणाले. "काय डोकं चालवलं तुम्ही!"

"माह्यं नाई," रंभाबाई म्हणाली. "वसंताचं हाय. माह्या डोक्यानं चाललो असतो तं अजून दोरच बांधत राह्यलो असतो." मग ती शामलाकडे वळली. शामलाच्या हाताला वसंताचं घड्याळ होतं, मनगटावर सैल. "किती वेळ लागला वं?"

शामलाने घड्याळ पाहिलं. सांगावं की नाही, असा विचार तिच्या मनात येऊन गेला.

"पाऊण तास."

"पाऊण तास," रंभाबाई म्हणाली.

येताना ठेल्यावर तिने तेच दोनदा म्हटलं. ठेलेवाल्याला वाटलं ती वेळ विचारते आहे, तो म्हणाला, "इतवारी याले अजून लई वेळ हाय, माय." त्या हाकेवर तिने पदर तोंडात कोंबला, आणि इतवारी येईपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा मांडला. दोन कप. मग अंगणात जाऊन कोपऱ्यातल्या पोच आलेल्या आठव्या भवऱ्यावरचं गोणपाट ओढलं. पुढच्या भवऱ्यांच्या काठांना पट्ट्या लागणार होत्या आणि हा पत्रा चांगला होता. तिने छिन्नी घेतली, वरची दुमड पाहिली, आणि तिच्या तोंडाशी छिन्नी लावून घाव घातला.

दुमड उघडली नाही. दुसरा घाव. छिन्नी घसरली. ऊन भिंतीवरून खाली अंगणात आलं, तुळशीपर्यंत आलं, तरी वीतभरही दुमड उघडली नव्हती. शामला हातातलं काम ठेवून आली आणि भवरा हलू नये म्हणून तिने पलीकडून तो दोन्ही हातांनी धरला.

"पक्की हाय," शामला म्हणाली.

"मीच मिटवली होती," रंभाबाई म्हणाली, आणि छिन्नी पुन्हा लावली.